ओळख पटवणारं दार

सोलापुरात मी ज्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्या घराच्या फाटकाला बेल नव्हती. बेल वाजते, पण वाजवणारा कोण हे ती सांगत नाही, असं मालकांचं म्हणणं होतं. त्यामुळे पत्र्याच्या फाटकाची कडी वाजवायची आणि उभं राहायचं. आतून चपला घासत यायच्या, फाटकापाशी थांबायच्या आणि प्रश्न यायचा, "कोण?"

या प्रश्नाला आपल्याकडे सगळी माणसं जे उत्तर देतात, तेच मीही पहिल्या संध्याकाळी दिलं. म्हटलं, "मी."

"मी म्हंजे कोण? मी तर हितं आत हाय की."

मी नाव सांगितलं. पूर्ण नाव विचारलं गेलं. तेही सांगितलं. मग "राहणार?"

"तुमच्याच वरच्या खोलीत, मालक!"

"मूळ राहणार?"

"बार्शी."

तेव्हा कुठे कडी निघाली. याच गृहस्थांनी त्या दिवशी सकाळी माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावरून अंगणातल्या जिन्यानं वर नेली होती. आत घेताना मात्र चेहऱ्यावर राग नाही, संशय नाही. उलट काम नीट पार पडल्याचं समाधान होतं. "च्या घेणार का?" असं त्यांनी लगेच विचारलं आणि काकूंना हाक मारली.

हे खूळ त्यांना नोकरीनं लावलं होतं. जमिनीच्या आणि घराच्या खरेदीची नोंद होते त्या रजिस्ट्रीच्या कचेरीत ते आयुष्यभर कारकून होते. विकणारा माणूस समोर उभा राहिला, तरी तो तोच आहे हे सांगणारी दोन माणसं लागतात. त्यांना ओळखदार म्हणतात. मालकांनी जन्मभर या ओळखदारांना एकच प्रश्न विचारला: ह्यांना ओळखता का, आणि कधीपासनं? निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पण प्रश्न काही सुटला नाही. त्यांची बोली मंद्रूपची, म्हणजे त्यांच्या गावाकडची, आणि भाषा दस्ताची, त्यामुळे "सदर भाजी लई खारट झाली की" असं वाक्य त्या घरात रोज ऐकू यायचं.

मला खोली देतानाही त्यांनी दोन ओळखदार मागितले होते. एक माझ्या कॉलेजातला सहकारी आला. दुसरा मिळेना, म्हणून कोपऱ्यावर शेंगाचटणी विकणाऱ्याला मी विनंती करून आणलं. मालकांनी त्याला विचारलं, "ह्यांना कधीपासनं वळखता?" तो म्हणाला, "आज सकाळपासनं. पाव किलो चटणी नेली की." मला वाटलं, खोली गेली. पण मालक खूश झाले. "खरं बोलला. कचेरीत तर लोक जन्मापासनं वळखतो म्हनायचे आन् नाव इचारलं की एकमेकाच्या तोंडाकडं बगायचे." मला खोली मिळाली.

सगळ्यात जास्त हाल काकूंचे. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या यायच्या. "कोण?" झालं की पूर्ण नाव सांगणं आलं, आणि पूर्ण नावात मध्ये नवऱ्याचं नाव येतं. ते त्या सरळ घेणार नाहीत आणि मालक त्याशिवाय उघडणार नाहीत. मग काकू फाटकापाशी पिशव्या खाली ठेवून उखाणा घ्यायच्या. "मेथीची जुडी, कोथिंबिरीची काडी, अमुकराव, आता तरी उघडा कडी!" समोरच्या घरातल्या बायका ऐकायला उंबऱ्यात येऊन थांबायच्या. मालक हसत हसत कडी काढायचे. काकू हसत नसत. "एक दिस माजी बी पाळी यील," असं म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात जायच्या.

स्वतःच्या ओळखण्याबद्दल मालकांना भारी अभिमान होता. लहानपणी मंद्रूपला घरचे बैल ते नुसत्या घुंगरांवरून ओळखायचे, असं सांगत. "माणूस असू दे, जनावर असू दे, एकदा बगितलं की पुन्हा चुकायचं न्हाय. उभ्या नोकरीत एक ओळख चुकली न्हाय माजी." शेवटची बैलजोडी विकली तेव्हा आपण गावीच गेलो नाही, हेही ते एकदा सांगून गेले आणि लगेच पंख्याच्या आवाजाबद्दल बोलू लागले.

त्यांच्या घरी चांदी आली ती ओळखदारांशिवाय. पांढरी स्वच्छ मांजर, आवाज मात्र घोगरा, म्याव म्हणताना अर्ध्यातच फाटणारा. मालकांनी तिला काही दिवस अंगणातच ठेवलं. मग काकूंनी साक्ष दिली की ही माझ्या ओळखीची आहे, मीच तिला रोज दूध घालते. त्यावर मालक काकूंकडे बघत राहिले आणि चांदी घरात आली. जनावराशी कानडीतच बोलावं लागतं, असा त्यांचा पक्का समज होता, कारण बैलांशी घरात तसंच बोललं जायचं. ते "बा, बा" म्हणजे ये ये म्हणायचे आणि चांदी खरंच यायची. माझ्या मते ती कुठल्याही भाषेत आली असती, हातात दुधाची वाटी असायची.

पहिल्या खेपेला चांदीला पिल्लं झाली आणि एका दुपारी गल्लीतला फाटक्या कानाचा, काळ्या पट्ट्यांचा बोका खिडकीतून आत शिरला. बोके पिल्लं मारतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मालकांना माहीत होतं, आणि ते त्या वेळी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पिल्लं स्वतः अंगणात पुरली. दोन दिवस जेवले नाहीत. चांदी घरभर त्या घोगऱ्या आवाजात हाका मारत फिरत होती आणि मालक तिच्या मागे मागे फिरत होते.  एरवी पानभर बोलणारा माणूस तेव्हा एवढंच म्हणाला, "घरात कोण आलं ते मला कळलं न्हाय."

ही हकीकत पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलाच्या कानावर गेली आणि त्यानं ते दार पाठवलं. मांजरासाठी दाराच्या खालच्या फळीत बसवायची ती एक झडप होती. तिला कॅमेरा. आपल्या मांजरीचं तोंड दिसलं की झडपेची खिट्टी सुटते, दुसऱ्या कुणाचं दिसलं की सुटत नाही आणि मालकाच्या फोनवर त्या आगंतुकाचा फोटो येतो. आतून बाहेर जायला मात्र मोकळीक. मालकांनी ते माहितीपत्रक मला दोनदा वाचायला लावलं. तोंड बघून ओळख पटवणारं, "मी" म्हटल्यानं न फसणारं आणि कुणाची भीड न धरणारं दार! असा कारकून कचेरीला एक जरी मिळाला असता तरी, असं म्हणून त्यांनी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

सुतारानं मागच्या दाराची फळी कापली आणि झडप बसवली. त्यानंतर चांदीची नोंदणी. फोटो समोरून, डावीकडून, उजवीकडून काढायचे होते. मालकांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि मला व काकूंना ओळखदार म्हणून उभं केलं.

"सदर मांजरीला तुमी वळखता का?"

"वळखते," काकू म्हणाल्या. "आता कढी उतू चाललीया, जाऊ का?"

"कधीपासनं वळखता?"

फोटो झाले. मग मालकांनी शाईचा पॅड आणला. दस्ताला अंगठा लागतोच, मग पंजा का नको, असा त्यांचा विचार. फोनमध्ये पंजा कुठे उमटवणार, हा प्रश्न मी विचारायच्या आत चांदीचा पाय शाईत गेला, चांदी हातातून सुटली आणि पलंगावरच्या कोऱ्या चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नोंद झाली. त्या दिवशी कढी उतू गेलीच.

त्या यंत्रात आणखी एक सोय होती. फोनवर एक बटण दाबलं की झडप कुठूनही उघडता येत असे. मालकांनी मुलाला फोन करून ते बंद करायला लावलं. "हे वशिल्याचं बटन हाय," ते म्हणाले. "दारानं वळखून उघडावं. सांगून उघडायचं तर मग आमचा शिपाई काय वाईट हुता?" मुलानं ते बंद करून दिलं. पुन्हा चालू करायचं तर दाराच्या आतल्या अंगाला असलेलं बटण हातानं दाबून धरावं लागेल, हेही त्यानं सांगितलं. मालक म्हणाले, गरजच न्हाय.

आणि दार खरोखर चोख निघालं. फाटक्या कानाचा बोका येऊन धडका द्यायचा, झडप हलायची नाही, फोन वाजायचा, "अनोळखी प्राणी." मालक आल्यागेल्याला बोक्याचे ते फोटो दाखवायचे. शेजारी यायचे, झडपेपुढे उकिडवे बसायचे, त्यांचेही फोटो अनोळखी प्राणी म्हणून यायचे. मालकांची छाती फुगायची. "दार माज्यावर गेलंय," ते म्हणायचे.

या दाराच्या भरवशावर चांदीला पुन्हा पिल्लं झाली. चार. स्वयंपाकघरातल्या टोपलीत जुन्या टॉवेलवर ती एकमेकांत गुंतून पडलेली असायची, डोळे अजून मिटलेले. खिडक्यांना मालकांनी जाळ्या ठोकून घेतल्या. या खेपेला एकही जाऊ द्यायचं नाही, असं ते मला म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

आमच्या बार्शीकडे बैलांचा सण श्रावण संपताना येतो. मंद्रूपकडे तो ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवी म्हणतात. बैलांच्या खांद्यांना हळद-तेल लावायचं, शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, पुरणपोळी भरवायची. मालकांच्या घरचे बैल गेले तरी हा दिवस त्यांच्या अंगातून गेला नव्हता. दर वर्षी ते काकूंना घेऊन भावाच्या घरी जायचे. त्या वर्षीही भल्या पहाटे गेले. रविवार होता, मी झोपलेला होतो. फाटकाचा आवाज ऐकला आणि कूस बदलली.

दहाच्या सुमाराला फोन आला. मागे हलगीचा दणका.

"हॅलो! बोका आलाय दाराला! फोटू आलाय हितं! हाकल त्याला आदी!"

मी झाडू घेऊन मागच्या बोळात गेलो. झडपेपाशी एक मांजर होतं खरं, पण तो बोका नव्हता. अंग पिवळं धमक, कपाळावर लाल मळवट, पाठीवर लाल बोटं उठलेली, गळ्यात लोकरीचा हिरवा गोंडा. असं मांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी झाडू आपटला, ते पळालं. मालकांना कळवलं, "बोका नाही, दुसरंच कुणीतरी आहे. हाकललं."

"शाब्बास. दार पक्कं हाय का?"

"पक्कं आहे."

थोड्या वेळानं पुन्हा फोन, पुन्हा झाडू. तिसऱ्या वेळी मी खाली गेलो तर ते मांजर पळेचना. पायरीवर बसलं, झडपेकडे तोंड केलं आणि ओरडलं. आवाज घोगरा, अर्ध्यातच फाटलेला. आणि आतून चारही पिल्लं एकदम ओरडायला लागली. त्यांचे डोळे उघडलेले नव्हते, त्यांना कॅमेरा नव्हता, आणि कोण म्हणून त्यांनी विचारलंही नाही.

मी झाडू भिंतीला टेकवला. फोन लावला.

"मालक, ही चांदी आहे!"

"चांदी पांढरी हाय."

"ही पिवळी आहे."

"मग?"

"मालक, हिला कुणीतरी हळद लावलीय. कपाळाला कुंकू आहे. गळ्यात गोंडा आहे."

पलीकडे हलगी वाजत राहिली.  

"म्याच लावलंय की," ते म्हणाले. "घरात जनावर म्हनून तेवडी एकच हाय. शिंगं न्हाईत, म्हनून कपाळ रंगवलं." आणि मग फार हळू आवाजात, "फोटू काळापांढरा दिसतोय रं. मला वाटलं बोका."

बोळात उजेड कमी, म्हणून कॅमेरा काळेपांढरे फोटो काढायचा. त्यात कुंकवाचे पट्टे काळे उमटले होते. पण ते सगळं नंतरचं. पुढच्या दाराला कुलूप, किल्ली मंद्रूपला, मागच्याला आतून कडी, खिडक्यांना जाळ्या, आणि वशिल्याचं बटण मालकांनीच बंद करायला लावलेलं. ज्येष्ठ असून पाऊस लांबलेला, ऊन भाजत होतं. पिल्लं सकाळपासून उपाशी होती, आणि एवढ्या लहान पिल्लांना उपास सोसत नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी चांदीला मूळ रूपात आणायचं ठरवलं. आधी ओलं फडकं. हळद तेलात कालवलेली, ती जाते कुठली? मग साबण. माझ्या दोन्ही हातांवर चांदीनं रेघा ओढल्या. शेवटी मी वरून पावडरचा डबा आणला आणि तिच्या तोंडावर अख्खा रिकामा केला. मुलगी दाखवायला न्यावी तसं तिला दोन्ही हातांनी धरून कॅमेऱ्यासमोर नेलं. झडपेवर लाल दिवा लागला. मंद्रूपला फोटो गेला.

"आता हे कोण आलं? भूत हाय काय?" मालक ओरडले. "आन् तेच्या मागं कोण हाय?"

"मी, मालक!"

पुढचा प्रश्न आला नाही. "निगालो," एवढंच म्हणाले.

पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ते आले. अंगभर गुलाल, फेट्याचं एक टोक सुटून पाठीवर लोंबत होतं. पुतण्याला फाटकावरूनच माघारी पाठवून ते धावतच आत आले, कुलूप हातात धरलं, सदऱ्याचा खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. किल्ली काकूंच्या कमरेला होती. काकू मंद्रूपला होत्या.

मालक बोळात गेले आणि झडपेपुढे पालथे पडले. "बा, बा," म्हणत त्यांनी चांदीला जवळ ओढलं. आतून मघाशी चार आवाज येत होते, आता एकच येत होता आणि तोही थांबून थांबून. मालकांनी झडपेला तोंड लावलं. लाल दिवा लागला. त्यांच्या खिशात फोन वाजला. सवयीनं त्यांनी तो काढून बघितला. "अनोळखी प्राणी" आणि खाली गुलालानं माखलेला त्यांचा स्वतःचा चेहरा.

त्या फोटोकडे ते किती तरी वेळ बघत होते असं मला वाटलं. मग फोन बाजूला टाकून त्यांनी झडपेवर तळहात आपटायला सुरुवात केली.

"उगड की रं! मी हाय! मी हाय की! मी!"

पूर्ण नाव नाही, वडलांचं नाव नाही, राहणार मंद्रूप नाही. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दार त्यांच्यावरच गेलेलं होतं. ते उघडलं नाही. मालक उठले, धुणं धुवायच्या जागेवरचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि झडपेत घातला. दुसऱ्या घावाला कॅमेरा फुटला, तिसऱ्याला झडप फळीसकट आत गेली. चांदीनं आमच्या दोघांकडेही बघितलं नाही. ती पिवळी, लाल आणि पावडरची पांढरी अशी मालकांच्या कोपराखालून आत गेली.

मालक पुन्हा पालथे पडले आणि भोकाला कान लावला.  आत चुळबुळ झाली, एक बारीक किंकाळी, मग दुसरी, मग चोखल्याचे आवाज.

"चार," मालक म्हणाले. "चौगं बी हायत." आणि ते तसेच पडून रडले. गुलालावरून पाण्याचे ओघळ आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

आता भोक उघडं होतं आणि बोका गल्लीतच होता. त्यामुळे मालक तिथून हलायला तयार होईनात. भोकाला पाठ लावून बसले. मी त्यांना वरून पाणी आणून दिलं, चटणी-भाकरी दिली. पुरणपोळीच्या पानावरून उठून आलेला माणूस ती कडक भाकरी फोडून खात होता आणि मध्येच मान वळवून भोकात बघत होता.

दिवस मावळताना काकू आल्या. त्यांनी पुढचं कुलूप काढलं, आत गेल्या आणि सवयीनं आतून कडी लावली. मग स्वयंपाकघरातून त्यांच्या पावलांचा आवाज आला आणि थांबला. दाराची दशा त्यांना दिसली असणार.

"बाई गं! कोण हाय तितं भायेर?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग भोकाकडे तोंड केलं. "मी."

 एवढी वर्षं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उखाणे घेतलेली बाई आता काय म्हणणार, हे मला दिसत होतं. मालकांनाही दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला, फेटा सारखा केला आणि भोकासमोर मांडी घालून आपणहून सुरुवात केली.

"दारानं वळखलं न्हाय, फोननं वळखलं न्हाय..." इथे ते अडले. यमक जुळेना. काकूंचं नाव तोंडाशी आलं होतं, पण ओळ पुरी होईना.

आतून कडी निघाली. दार उघडून काकू उभ्या होत्या, पदराला तेलाची हळद लागलेली, कडेवर टोपली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "या आत. हळू या, पिल्ली आताच निजलीत."